इंग्रजीत मत मांडताना नकार कुठे ठेवायचा?

मुलाखतीत किंवा ग्रुप डिस्कशनमध्ये मत मांडताना ‘आय ॲम थिंकिंग’ने सुरुवात करू नका. मत सांगायचं तर साधा वर्तमानकाळ: ‘आय थिंक’, ‘आय बिलीव्ह’, ‘आय ॲग्री’. (‘आय ॲम ॲग्री’ सांगलीच्या कॉलेज कट्ट्यावर सर्रास ऐकू येतं. तो ‘ॲम’ आधी काढा.) विचार अजून चालू असेल तेव्हा मात्र ‘थिंकिंग’ चालतं: ‘आय ॲम थिंकिंग ऑफ सेलिंग द टर्मरिक नेक्स्ट वीक’, म्हणजे हळद पुढच्या आठवड्यात विकायचं मनात आहे, पक्कं नाही.

खरी गोची होते ती नकारात. यार्डात हळदीचा भाव वाढेलसं वाटत नसेल तर आपण ‘आय थिंक द प्राइस विल नॉट राइज’ म्हणतो. व्याकरणात चूक नाही, पण जरा ठासून सांगितल्यासारखं वाटतं. इंग्रजी बोलणारे नकार आधीच उरकतात: ‘आय डोन्ट थिंक द प्राइस विल राइज’. आपणही ‘मला नाही वाटत भाव वाढेल’ म्हणतोच की! इंग्रजी बोलताना तेच वाक्य मनात धरा. ‘बिलीव्ह’ आणि ‘सपोज’चंही तसंच. ‘होप’ मात्र वेगळ्या वाटेचा: ‘आय होप इट डझन्ट रेन’ म्हणायचं, ‘आय डोन्ट होप’ नाही.