घर खाली करून घेताना आधी करार वाचा

घर खाली करून घ्यायचं असो किंवा कोणी तुम्हाला खाली करायला सांगत असो, पहिलं काम एकच: करार काढून वाचा. तो ‘लिव्ह अँड लायसन्स’चा, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी शुल्क घेऊन घर वापरायला दिल्याचा आहे, की तुम्ही कायद्याने संरक्षित भाडेकरू आहात, म्हणजे कायद्यातल्या कारणाशिवाय तुम्हाला काढता येत नाही, यावर महाराष्ट्रात पुढची सगळी वाट ठरते. दोन्ही गोष्टी महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 मध्येच येतात; पण एकीचा निकाल पुष्कळ लवकर लागू शकतो आणि दुसरी वर्षानुवर्षं चालते.

लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपली आणि राहणारा निघत नसेल, तर या अधिनियमाच्या कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा प्रकरणांसाठी शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) अर्ज करायचा. दिवाणी दावा लागत नाही. सोबत नोंदणीकृत करार जोडा, कारण लेखी करारात जे लिहिलंय तोच इथे निर्णायक पुरावा असतो. समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत राहणाऱ्याने प्रतिज्ञापत्र देऊन बचावाची परवानगी मागायची असते. बहुतेक जण इथेच चुकतात. ‘तारखेला जाऊन तोंडी सांगू’ म्हणून थांबलात, तर मालकाचं म्हणणं तुम्हाला मान्य आहे असं धरून ताब्याचा आदेश होतो. शिवाय मुदतीनंतरच्या काळासाठी ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. आदेशाविरुद्ध अपील नाही, 90 दिवसांत पुनरीक्षण अर्ज (रिव्हिजन, म्हणजे आदेश तपासून पाहण्याची विनंती) करता येतो.

मालकांची नेहमीची चूक म्हणजे मुदत संपल्यावरही दरमहा पैसे मुकाट्याने घेत राहणं. मग करार पुढे चालू राहिला, असा बचाव समोर येतो. पैसे घेतलेच तर ते भरपाईपोटी घेतले, असं त्याच दिवशी लेखी कळवा. करार नोंदवून घेण्याची जबाबदारीही मालकाचीच आहे. तो लेखी आणि नोंदणीकृत नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरतात. वर 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

संरक्षित, म्हणजे बहुधा जुन्या भाडेकरूची गोष्ट वेगळी. त्याला काढायला कायद्यात दिलेलं कारण लागतं आणि दावा न्यायालयात चालतो. मुंबईत तो लघुवाद न्यायालयात (स्मॉल कॉजेस कोर्टात), इतरत्र लघुवाद न्यायालय असेल तिथे, नसेल तर दिवाणी न्यायाधीशांपुढे.

भाडं थकलं असेल, तर आधी थकबाकीची लेखी मागणी करणारी नोटीस. ती भाडेकरूला मिळाल्यापासून 90 दिवस उलटल्याशिवाय दावा लावता येत नाही. हे दिवस नोटीस धाडल्यापासून मोजू नका. हिशेब पोचपावतीवरच्या तारखेचा. आकडाही नेमका हवा, कोणत्या महिन्यापासून किती ते लिहा. दावा लागल्यावरही भाडेकरूला आणखी एक संधी असते: समन्स मिळाल्यापासून 90 दिवसांत सगळी थकबाकी वार्षिक 15 टक्के साध्या व्याजासह न्यायालयात भरायची, निकालापर्यंत भाडं नियमित भरत राहायचं आणि दाव्याचा खर्चही द्यायचा. तेवढं केलं तर थकबाकीच्या कारणावरून घर खाली करण्याचा हुकूमनामा (न्यायालयाचा निकालाचा आदेश) होत नाही. एक हप्ता जरी चुकला तरी हे संरक्षण धोक्यात येतं. मालक भाडं घेतच नसेल, तर मनीऑर्डरने पाठवा आणि परत आलेली मनीऑर्डर जपून ठेवा. पावती देणं मालकाला कायद्याने बंधनकारक आहे.

इतर कारणं कलम 16 मध्ये आहेत: लेखी संमतीशिवाय कायमचं बांधकाम, शेजाऱ्यांना उपद्रव, बेकायदा पोटभाडेकरू, दाव्याआधी सलग 6 महिने विनाकारण वापर बंद, आणि मालकाची स्वतःची खरी गरज. या शेवटच्या कारणात न्यायालय दोघांच्या अडचणी तोलतं. त्यामुळे भाडेकरूने पर्यायी घर शोधल्याचे पुरावे आणि घरातल्या आजारी, वृद्ध माणसांची कागदपत्रं जरूर द्यावीत.

न्यायालयाच्या या निकालाविरुद्ध अपिलाची मुदत 30 दिवस. हुकूमनामा हाती आला म्हणून कुलूप तोडायला जाऊ नका. दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज दाखल करा, ताबा न्यायालयाचा बेलीफ घेऊन देतो. त्याआधी पाणी किंवा वीज तोडणं हा गुन्हा आहे. आणि रीतसर कारवाईशिवाय कोणी तुम्हाला बाहेर काढलंच, तर विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या (स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट) कलम 6 खाली 6 महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागता येतो. त्यासाठी वीजबिलं, भाड्याच्या पावत्या आणि शेजाऱ्यांची साक्ष हाताशी ठेवा.