हळदीचे फोटो आणि ओव्हरलेचा मोह

अल्बम डिझायनिंगला लागलो त्याच आठवड्यात स्टुडिओतल्या सीनियरने एक जादू दाखवली. फोटोशॉपमध्ये कंट्रोल-जे दाबून लेयरची, म्हणजे फोटोच्या थराची, कॉपी काढायची आणि तिचा ब्लेंड मोड (वरचा थर खालच्यात कसा मिसळायचा ते) ओव्हरले करायचा. मळकट फोटो एकदम उठून दिसायचा! मग काय, दिसेल त्या फोटोला मी ओव्हरले मारत सुटलो. एका हळदीच्या अल्बमने जमिनीवर आणलं. छापून आला तेव्हा नवरीचे गाल भाजल्यासारखे नारिंगी आणि मामांच्या केसांचा नुसता काळा डाग. पानं पुन्हा छापावी लागली, पैसे माझ्या पगारातून गेले.

चुकलं काय, ते आकड्यांत बघा. ओव्हरले लाल, हिरवा, निळा हे चॅनेल वेगवेगळे मोजतो, प्रत्येक ० (काळा) ते २५५ (पूर्ण उजळ). कॉपी मूळ फोटोचीच असेल तर १२८च्या खालचं आणखी खाली जातं, वरचं आणखी वर. हळद लागलेल्या गालाचा एक पिक्सेल घ्या: लाल २२०, हिरवा १६०, निळा ६०. ओव्हरलेनंतर तेच साधारण २४५, १८४ आणि २८ होतात. वाढवायला गेलो कॉन्ट्रास्ट, सोबत रंगही भडकला.

आता मी कॉपी काढतच नाही. कर्व्हज अ‍ॅडजस्टमेंट लेयर (खालच्या फोटोचा उजेड आलेखाच्या रेषेने बदलणारा थर) घेतो, कर्व्हला, म्हणजे त्या रेषेला, हात न लावता मोड सॉफ्ट लाइट (ओव्हरलेचा सौम्य भाऊ) करतो, ओपॅसिटी, म्हणजे थराची तीव्रता, तिसेक टक्के. परिणाम कॉपीसारखाच, पण फाइल फुगत नाही आणि मास्क (परिणाम कुठे दिसावा ते ठरवणारा पडदा, काळं केलं तिथे परिणाम झाकला जातो) आयता मिळतो. काळी शेरवानी बुजली तर मास्कवर मऊ काळा ब्रश हलक्या हाताने फिरवायचा. शिवण परत दिसू लागते. चेहऱ्यांसाठी मात्र कर्व्हला हलका एस आकार देऊन मोड ल्युमिनॉसिटी. उजेड बदलतो, हळद हळदच राहते.

बाकीच्या मोडांपैकी मल्टिप्लाय फक्त गडद करतो, स्क्रीन फक्त उजळ. मांडवाबाहेरचं उडालेलं, म्हणजे पार पांढरं पडलेलं आभाळ मल्टिप्लायने परत येईल या आशेवर राहू नका. पांढऱ्याला पांढऱ्याने गुणलं तर पांढरंच.

फोटोशॉप नसेल तर ब्राउझरमध्ये फोटोपी ही फोटो एडिटिंगची वेबसाइट उघडा, हे सगळे मोड तिथेही आहेत. फोटोशॉपमध्ये शिफ्ट आणि अधिकचं चिन्ह दाबून एकेक मोड पटापट बघता येतो. पण आधी मूव्ह टूल घ्या. हातात ब्रश असेल तर लेयरऐवजी ब्रशचाच मोड बदलतो, आणि मग माणूस 'ब्रश बिघडला' म्हणत अर्धा तास बसतो. मी बसलोय.