कटिंग आणि कलप यांचा घरखर्च कमी कसा करावा

कापूस आणि सोयाबीनवर चालणाऱ्या घरात मोठे खर्च हंगामानुसार ठरतात. बियाणे, खत, शाळेच्या वह्या यांचा हिशेब कुठेतरी लिहिलेला असतो. केस कापण्याचा आणि रंगवण्याचा खर्च मात्र पन्नास-शंभर रुपयांनी होत असल्यामुळे तो वहीत सहसा चढत नाही. घरात वडील आणि दोन मुले असे तिघे आहेत आणि गावात कटिंगचा दर ७० रुपये आहे असे मानले, तर महिन्यातून एकदा या प्रमाणाने वर्षाचे २,५२० रुपये होतात. त्यात आजोबांची दाढी आणि स्त्रियांचे पार्लर धरलेले नाही. आपल्या गावचा दर घालून हा गुणाकार आधी करून पाहावा.

स्वस्त दुकान शोधत फिरल्याने यातले फारसे काही वाचत नाही. पैसे वाचतात ते दोन कटिंगमधले अंतर वाढवल्याने आणि कलप गरजेपुरताच वापरल्याने. डोक्यावरचे केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटीमीटर वाढतात. कानांच्या वर मशीनने ३ मिलिमीटर ठेवलेले केस आठ-दहा दिवसांत दुप्पट होतात, म्हणून फेड कट पंधरा दिवसांतच विस्कटलेला दिसू लागतो. त्याउलट बाजूचे केस कात्रीने दोन-अडीच सेंटीमीटर ठेवले, तर दीड महिना कोणी काही म्हणत नाही. वरच्या उदाहरणातील तिघांनी महिन्याऐवजी दीड महिन्याने केस कापले, तर वर्षाला प्रत्येकी आठ कटिंग होतात, खर्च १,६८० रुपयांवर येतो आणि ८४० रुपये शिल्लक राहतात. मध्यंतरी मानेवरचे केस आणि कल्ले घरीच साफ केले, तर हे अंतर कोणाच्या डोळ्यांवर येत नाही.

गावच्या नाभिकाशी दर वेळी दहा रुपयांसाठी घासाघीस करणे मला योग्य वाटत नाही, आणि त्यातून उरतेही थोडेच. पूर्वी बलुत्याच्या पद्धतीत वर्षाचे धान्य ठरलेले असे. त्याच धर्तीवर दिवाळीनंतर हातात पैसा आला की घरातील सर्वांचे मिळून वर्षाचे ठोक ठरवावे, असे अवश्य विचारून पाहावे. गिऱ्हाईक बांधलेले राहत असल्याने पुष्कळ जण त्यास तयार होतात. सोमवार, शनिवार आणि अमावास्या टाळण्याच्या रिवाजामुळे रविवारी आणि आठवडी बाजाराच्या दिवशी दुकानात रेटारेटी असते, आणि पोळ्याच्या आदल्या दिवशी तर विचारायलाच नको. घाईत कापलेले केस लवकर बिघडतात, म्हणून सणाच्या आठवडाभर आधीच कटिंग उरकावी. एका बाबतीत मात्र काटकसर करू नये: दाढी किंवा मानेवरची रेघ काढताना ब्लेड नवेच असले पाहिजे. वापरलेल्या ब्लेडने कावीळ ‘बी’ व ‘सी’ आणि एचआयव्ही यांचा संसर्ग होऊ शकतो. संकोच वाटत असेल तर खिशात आपले ब्लेड घेऊन जावे. त्याची किंमत अगदी किरकोळ असते.

शाळकरी मुलांचे केस घरी कापणे हा सर्वांत सोपा भाग आहे, विशेषतः उन्हाळ्यात, जेव्हा पारा ४५ अंशांकडे जातो आणि मुलांना बारीक केसच हवे असतात. यासाठी बॅटरीवर चालणारे आणि पात्यावर बसवायच्या वेगवेगळ्या मापांच्या टोप्या असलेले मशीन घ्यावे. ते साधारण १,२०० रुपयांना मिळाले आणि दोन मुलांच्या वर्षाला सोळा कटिंग वाचल्या, तर ७० रुपयांच्या दराने १,१२० रुपये होतात. म्हणजे मशीनची किंमत वसूल व्हायला वर्षाहून थोडा अधिक काळ लागतो. एकच मूल असलेल्या घराने किंवा ज्या घरात मशीन पहिल्या उत्साहानंतर कपाटात पडून राहील असे वाटते त्या घराने ते घेऊ नये. दोन शेजारी घरांनी मिळून घेतले तर हिशेब अधिक चांगला बसतो. लोडशेडिंग लक्षात घेऊन मशीन आदल्या दिवशी पूर्ण चार्ज करावे, कारण अर्ध्या डोक्यावर बंद पडलेले मशीन मुलाला रडवते.

केस धुतलेले, पूर्ण कोरडे आणि बिनतेलाचे असावेत. तेलकट केसांत मशीनचे पाते अडकते आणि केस ओढले जातात. मुलाला सकाळच्या उजेडात अंगणात किंवा ओसरीवर उंच पाटावर बसवावे आणि गळ्याभोवती जुने सुती पातळ गुंडाळावे. सुरुवात नेहमी मोठ्या मापाने करावी: आधी सगळ्या डोक्यावर १२ मिलिमीटरची टोपी, केस ज्या दिशेने वाढतात तिच्या उलट, मानेकडून वर. ते नीट जमले की कानांच्या बाजूला आणि मागे खालच्या भागात ६ मिलिमीटर. दोन मापांच्या मध्ये जी पायरी दिसते तिच्यावर ९ मिलिमीटरची टोपी लावून मशीन वर नेता नेता डोक्यापासून अलगद बाहेर काढावे. हात बसायला दोन-तीन वेळा लागतात, पण नवशिक्या हाताची कटिंग ओळखू येते ती याच पायरीवरून. डोक्यावर भोवरा असेल तिथे केस चारी दिशांना वाढतात, म्हणून मशीनही चारी दिशांनी फिरवावे. शेवटी कान दुमडून धरून कडा साफ करावी आणि मानेवरची रेघ टोपी काढून वरून खाली घ्यावी. काम झाल्यावर पात्यातील केस ब्रशने झाडून शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब सोडावेत. डोक्यात नायटा किंवा उवा असतील तर तेच मशीन दुसऱ्याच्या डोक्याला लावू नये.

लांब केसांना मुळात फारसे कापावे लागत नाही. टोके दुतोंडी झाली की ती कोणत्याही तेलाने जुळत नाहीत, कापावीच लागतात; परंतु तीन-चार महिन्यांतून एकदा बोटभर कापणे पुरेसे असते आणि ते घरातली दुसरी स्त्री सहज करू शकते. ओले केस विंचरून मानेपाशी रबराने घट्ट बांधावेत, दुसरे रबर जिथे कापायचे तिथपर्यंत सरकवत न्यावे आणि त्याच्या खाली कापावे. ओला केस ताणला जाऊन लांब दिसतो आणि वाळल्यावर आखडतो, म्हणून ठरवल्यापेक्षा थोडे कमीच कापावे. कात्री केसांसाठीच वेगळी ठेवावी. कागद किंवा कापड कापून बोथट झालेली कात्री केस चिरते आणि दुतोंडी टोके पुन्हा तयार होतात. कोणी लांब वेणी कापून टाकणार असेल, तर ती दोन्ही टोकांना बांधून ठेवावी. केसांवर भांडी देणारे फेरीवाले अजूनही गावात येतात, आणि लांब केसांना विंचरलेल्या गुंत्यापेक्षा चांगला भाव मिळतो. स्टेप कट किंवा लग्नाआधीचे काम यासाठी मात्र तालुक्याच्या पार्लरलाच जावे आणि ती फेरी बँकेच्या किंवा बाजाराच्या कामाला जोडून घ्यावी. एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून निम्मे तिकीट असले, तरी दिवसाची मजुरी बुडते ती कोणी भरून देत नाही.

कलपाच्या बाबतीत पैसा वाया जातो तो मुख्यतः दोन कारणांनी: आधीच रंगलेल्या केसांवर पुन्हा रंग चढवला जातो आणि संपूर्ण पाकीट एकदम कालवले जाते. पांढरे दिसतात ती फक्त मुळांकडची नवी वाढ असते, म्हणून पहिल्यांदा सगळे केस रंगवल्यानंतर पुढे केवळ मुळांनाच लावावे. त्यातही एक आड एक वेळेस फक्त भांग, कपाळाची कड आणि कानशिले एवढेच रंगवले तरी काम भागते, कारण समोरच्या माणसाला तेवढेच दिसते. क्रीमच्या पाकिटातील दोन भाग एकत्र कालवले की उरलेला रंग ठेवता येत नाही. म्हणून पाकिटावर दिलेल्या प्रमाणात लागतील तेवढेच चमचे घ्यावेत आणि दोन्ही पुड्या वेगवेगळ्या, घट्ट बंद करून ठेवाव्यात. कालवण्यासाठी काचेची किंवा प्लास्टिकची वाटी घ्यावी, धातूची नको. रंग निवडताना काळाकुट्ट घेण्यापेक्षा गडद तपकिरी घ्यावा, असे माझे मत आहे. मुळे पांढरी दिसू लागली तरी फरक कमी जाणवतो आणि पुढचा कलप आठ-दहा दिवसांनी सहज लांबतो.

कलप लावण्यापूर्वी ४८ तास आधी थोडा कालवून कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहावा, आणि खाज, लाली किंवा फोड आले तर तो वापरू नये. बहुतेक काळ्या कलपांत पीपीडी नावाचे रसायन असते आणि त्याची ॲलर्जी पूर्वी कधीही त्रास न झालेल्या माणसालाही होऊ शकते. ‘अमोनियाविरहित’ या शब्दांचा अर्थ पीपीडी नाही असा होत नाही, आणि ‘काळी मेहंदी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांतही ते बऱ्याचदा असते. शुद्ध मेहंदी पांढऱ्या केसांना नारिंगी-तांबूसच रंग देते. पंधरा मिनिटांत काळे करणारी पूड ही निव्वळ मेहंदी नव्हे.

ज्यांच्या कुंपणाला मेहंदी आहे त्यांना सर्वांत स्वस्त उपाय घरातच मिळतो. पाने सावलीत वाळवून दळावीत, वस्त्रगाळ करावीत आणि चहाच्या कोऱ्या काढ्यात दह्याइतकी दाट भिजवून काही तास ठेवावीत. लोखंडी कढईत भिजवल्यास रंग अधिक गडद येतो, परंतु अशा केसांवर नंतर लगेच रासायनिक रंग लावू नये. केसांना लावल्यावर दोन तासांनी नुसत्या पाण्याने धुवावे. काळसर रंग हवा असेल, तर त्यावर निळीच्या पानांची पूड वापरावी. ही पूड कपड्यांना देण्याची नीळ नव्हे. ती कोमट पाण्यात चिमूटभर मीठ घालून कालवावी आणि पंधरा मिनिटांत लावून साधारण तासभर ठेवावी. रंग एक-दोन दिवसांत हळूहळू गडद होतो, म्हणून पहिल्या दिवशीची हिरवट छटा पाहून घाबरू नये आणि दोन दिवस शाम्पू लावू नये. लहान मुलांच्या डोक्याला मेहंदी लावू नये. जी-६-पीडी या विकराची (एन्झाइमची) जन्मजात कमतरता असलेल्या मुलांत तिच्यामुळे रक्तातील तांबड्या पेशी फुटू शकतात.

अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतील खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीतले पाणी खारे असलेल्या भागात, बोअरच्या पाण्याने अंगाच्या साबणाचा चिकट थर केसांवर बसतो. तिथे केस शाम्पूने किंवा रिठ्याने धुऊन शेवटचा एक तांब्या पावसाच्या साठवलेल्या किंवा आरओच्या पाण्याचा घ्यावा.

उरलेला कलप औषधांच्या किंवा खाण्याच्या डब्यांजवळ ठेवू नये; तो मुलांच्या हाताला लागणार नाही अशा कुलपात ठेवावा. तो पोटात गेल्यास चेहरा आणि घसा सुजून श्वास अडकू शकतो. असे झाल्यास घरगुती उपायांत वेळ न घालवता, उलटी न काढता, पाकीट सोबत घेऊन ताबडतोब १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.