संधिवाताच्या ओपीडीत बसण्यापूर्वी: नव्या डॉक्टरांसाठी काही अनुभव

एमडी मेडिसिननंतर तीन वर्षांचा डीएम किंवा डीआरएनबी हा पुढचा अभ्यासक्रम करून रुमॅटॉलॉजीत, म्हणजे संधिवाताच्या शाखेत, येणाऱ्या तरुण डॉक्टरांना प्रतिपिंडांची भलीमोठी यादी पाठ असते, सांध्यांची सोनोग्राफी त्यांना माझ्यापेक्षा चांगली जमते आणि कोणते नवे औषध कशाला अडवते हे ते झोपेतून उठवले तरी सांगतात. समोर बसलेली बाई पुढची वीस वर्षे आपल्याकडे येणार आहे, या गोष्टीची मात्र त्यांना सवय नसते. वॉर्डातला न्यूमोनियाचा रुग्ण आठ-दहा दिवसांत बरा होऊन घरी जातो आणि त्याने एखादी गोष्ट लपवली तरी सहसा निभावून जाते. आमवातात (रुमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये) औषध घरी, रुग्णाच्या स्वतःच्या हाताने, वर्षानुवर्षे घ्यायचे असते आणि ते खरोखर पोटात जाते की नाही हे रुग्णाने सांगितल्याशिवाय आपल्याला कळत नाही. रुग्णाला खरे सांगण्याची भीती वाटू नये असे वागता येणे हे या शाखेतले निम्मे कौशल्य आहे, असे माझे ठाम मत आहे.

आजार दुर्मीळ नाही. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली सुरू केलेल्या घरोघरच्या पाहणीत प्रौढांमध्ये आमवाताचे प्रमाण सुमारे ०.५ टक्के आढळले; म्हणजे दोनशे माणसांमागे एक. परंतु हा एक माणूस तुमच्यापर्यंत पोहोचतो तो गावचा डॉक्टर, हाडवैद्य, हाडांचे सर्जन आणि कुणीतरी सुचवलेला पुडीवाला अशी वाट तुडवून. त्याच्या पिशवीतल्या फाइलमध्ये ‘आरए फॅक्टर’ या रक्तातल्या प्रतिपिंडाचे चार-पाच रिपोर्ट असतात आणि आकडा वाढला की आजार वाढला, अशी त्याची समजूत झालेली असते. हा घटक धडधाकट माणसांमध्येही, विशेषतः उतारवयात, सापडतो आणि उपचार ठरवण्यासाठी तो पुन्हा पुन्हा मोजावा लागत नाही, हे शांतपणे सांगावे. आधीच्या डॉक्टरांविषयी मात्र चकार शब्द काढू नये. रात्री अकरा वाजता ताप भरला तर रुग्ण त्याच गावच्या डॉक्टरकडे जाणार आहे. त्याच्याशी आपले बोलणे चालू असणे रुग्णाच्या हिताचे असते.

पहिल्या भेटीत “हे पूर्ण बरं होणार का, डॉक्टर?” हा प्रश्न हमखास येतो. ‘आयुष्यभर गोळ्या’ एवढेच उत्तर दिले तर रुग्ण दुसऱ्या भेटीला येतोच असे नाही, आणि ‘होईल बरे’ असे म्हटले तर तिसऱ्या भेटीनंतर त्याचा आपल्यावर विश्वास उरत नाही. मी रक्तदाबाचा दाखला देते, आजार आटोक्यात राहू शकतो आणि सांधे वाकडे होणे बहुतेकदा टाळता येते असे सांगते, आणि लगेच जवळचा हिशेब मांडते: तीन महिन्यांत फरक दिसायला हवा, सहा महिन्यांत ठरवलेले लक्ष्य गाठायला हवे, नाहीतर औषध बदलायचे. हा हिशेब माझा नाही, उपचारांच्या आंतरराष्ट्रीय शिफारशींतलाच आहे. आणि लक्ष्य रुग्णाशी बोलून ठरवावे हे तर त्या शिफारशींचे मूळ तत्त्व आहे. मुदत माहीत असलेला रुग्ण धीर धरतो, असा माझा अनुभव आहे.

मेथोट्रेक्सेट या आमवाताच्या मुख्य औषधावर थोडे थांबून बोलायला हवे, कारण डॉक्टर-रुग्ण नात्याची सगळी परीक्षा या एका गोळीत होते. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली गेली तर तोंडात फोड येतात, रक्तपेशी घटतात आणि जीवही जाऊ शकतो. अनेकदा ही गोळी आणि तिच्या जोडीला दिलेली फॉलिक ॲसिडची गोळी, दोन्ही छोट्या आणि पिवळ्या असतात. डोळे अधू झालेल्या आजींना त्यांतला फरक कळत नाही. त्यामुळे चिठ्ठीवर ‘आठवड्यातून एकदा’ असे मोघम न लिहिता वाराचे नाव मराठीत, ठळक अक्षरांत लिहावे आणि तो वार रुग्णालाच निवडू द्यावा. गावाचा आठवडी बाजार ज्या दिवशी भरतो तो वार पक्का लक्षात राहतो. गुरुवारी किंवा सोमवारी उपवास असेल तर तो वार टाळावा, कारण उपाशीपोटी गोळी नको म्हणून त्या दिवशी ती सरळ गाळली जाते. मग रुग्णाकडून ते सगळे पुन्हा वदवून घ्यावे आणि पुढच्या वेळी रिकामी पाकिटे आणायला सांगावे.

पुढच्या भेटीत विचारायचे काय, हे त्याहून महत्त्वाचे. “गोळ्या नियमित घेता ना?” या प्रश्नाला ‘हो’ हेच उत्तर येते, तो प्रश्नच तसा आहे. “मागच्या महिन्यात किती वेळा राहून गेली, मावशी?” असे विचारले की मावशी आधी सुनेकडे पाहतात आणि मग सांगतात की गोळीच्या दिवशी सकाळपासूनच मळमळते, म्हणून दोनदा घेतलीच नाही. हे कळले तर करण्यासारखे पुष्कळ असते: गोळी रात्री झोपताना देता येते, डोस विभागता येतो, इंजेक्शनचा पर्याय असतो. न कळले तर आपण ‘औषध लागू पडत नाही’ असे फाइलवर लिहितो आणि अधिक महाग, अधिक जोखमीच्या औषधाकडे जातो. खरे सांगितल्यावर रुग्णाला रागावणारा डॉक्टर ही माहिती पुढच्या दहा वर्षांसाठी गमावतो.

स्टिरॉइडची गोष्ट आणखी अवघड. १९४८ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी आमवाताच्या एका तरुण रुग्ण स्त्रीला कॉर्टिसोन दिले आणि काही दिवसांत ती चालू लागली; १९५० साली त्या कामाला नोबेल मिळाले आणि त्याच सुमारास दुष्परिणामही दिसू लागले. आपल्या ओपीडीत हा इतिहास रोज नव्याने घडतो. ज्या औषधाने दोन दिवसांत ठणका थांबला ते कमी करणारा डॉक्टर रुग्णाला कंजूष वाटतो, आणि सहा ते बारा आठवड्यांनी काम दाखवणारी गोळी निरुपयोगी. म्हणून स्टिरॉइड सुरू करतानाच, ते कधी आणि कसे उतरवायचे हे तारखांसह लिहून द्यावे. पुड्यांचा प्रश्न याच्याशीच जोडलेला आहे. काही पुड्यांमध्ये स्टिरॉइडची भेसळ सापडलेली आहे आणि गोल झालेला चेहरा पाहून तुम्हाला शंकाही येते. पण तिथे हसलात किंवा ओरडलात तर रुग्ण पुडी बंद करत नाही, सांगणे बंद करतो. किंवा घाबरून पुडी एकदम सोडतो, जे अधिक धोक्याचे आहे, कारण शरीराची स्वतःची स्टिरॉइडनिर्मिती तोवर मंदावलेली असते. “आणखी काय काय चालू आहे? मला माहीत असलेले बरे,” हे वाक्य मी सर्वांना, अगदी प्राध्यापकांनाही, त्याच आवाजात विचारते.

आजाराचे मोजमाप करताना २८ सांधे तपासून जो गुणांक काढतात, त्यात रुग्णाने स्वतःच्या प्रकृतीला दिलेले गुणही धरलेले असतात. घाईत असलेले रेसिडेंट ते गुण स्वतःच अंदाजाने भरतात. हे करू नये. सूज पूर्ण उतरली आहे, ईएसआर (दाह दाखवणारी रक्तचाचणी) उत्तम आहे आणि तरीही रुग्ण शंभरपैकी सत्तर त्रास सांगतो, असे वारंवार घडते. त्यामागे थकवा असतो, झोपेचे खोबरे झालेले असते, फायब्रोमायल्जिया (सूज नसताना अंगभर दुखण्याचा आजार) असतो किंवा घरातली एखादी गोष्ट असते. रोजची कामे जमतात का हे विचारणाऱ्या प्रश्नावलीची भारतीय आवृत्ती झाली तेव्हा तिच्यात उकिडवे आणि मांडी घालून बसण्याचा समावेश करावा लागला, हे ध्यानात ठेवावे. मी विचारते: भाकरी थापता येते का, देशी संडासात बसून उठता येते का, एसटीची पायरी चढता येते का. या उत्तरांतून मला क्ष-किरणापेक्षा जास्त कळते, निदान पहिल्या वर्षात तरी.

नातेवाइकांना आदराने दोन मिनिटे बाहेर बसवण्याची पद्धत पहिल्या दिवसापासून ठेवावी, म्हणजे ती कुणा एकाला अपमानास्पद वाटत नाही. आमवात स्त्रियांमध्ये दोन ते तीन पट अधिक आढळतो, ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार) तर त्याहून कितीतरी अधिक, आणि तोही ऐन लग्नाच्या वयात. सासरी आजार सांगितलेला नाही, गोळ्या पिठाच्या डब्यात लपवलेल्या आहेत, हे नवऱ्यासमोर कोण सांगणार? मेथोट्रेक्सेट आणि लेफ्लुनोमाइड ही औषधे गर्भाला घातक आहेत, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि सल्फासॅलाझिन गरोदरपणात चालू ठेवता येतात, ल्युपस किमान सहा महिने शांत असताना दिवस गेलेले बरे. ही माहिती लग्न ठरण्याच्या आधी द्यायची असते. आजार लपवून ठेवावा की सांगावा, याचा निर्णय आपला नाही. मागितले तर होणाऱ्या जोडीदाराला समजावून सांगायला मी तयार असते, एवढेच मी म्हणते.

मार्च २०२० मध्ये हायड्रॉक्सिक्लोरोक्विनला करोनामुळे अचानक मागणी आली आणि ल्युपसच्या रुग्णांना मेडिकलमध्ये ते मिळेना. त्या दिवसांत फोन उचलणारे डॉक्टर रुग्णांनी लक्षात ठेवले. पैशांविषयीही असेच आडपडदा न ठेवता बोलावे. बायोलॉजिकची (जिवंत पेशींपासून बनवलेल्या महागड्या औषधांची), अगदी भारतात बनलेल्या बायोसिमिलरचीही (त्यांच्याशी मिळत्याजुळत्या, स्वस्त औषधांचीही), इंजेक्शने परवडेनाशी झाली की रुग्ण स्वतःच दोन डोसांमधले अंतर वाढवतो आणि लाजेने सांगत नाही. खर्च पहिल्याच दिवशी वर्षाच्या हिशेबात सांगितला तर ही वेळ कमी येते.

काही रुग्ण तुम्हाला सोडून दुसऱ्या डॉक्टरकडे जातील. ते मनाला लावून घेऊ नये आणि कागद अडवून धरू नयेत. कोणते औषध कोणत्या डोसपर्यंत दिले, ते का थांबवले, क्षयाची चाचणी आणि डोळ्यांची तपासणी शेवटची कधी झाली, हे एका पानावर लिहून द्यावे. त्यांतले काही जण वर्षा-दोन वर्षांनी परत येतात. तेव्हा मधल्या काळाचे रिपोर्ट मागावेत, का गेलात हे विचारू नये. तिसऱ्या-चौथ्या भेटीत ते बहुधा आपणहूनच सांगतात, आणि त्यात आपल्या ओपीडीविषयी ऐकण्यासारखे काही ना काही असते.