केनियाला नर्स म्हणून जाताना: आधी परवाना, मग तिकीट

आधी परवाना. तिकीट नंतर, बॅग तर त्याच्याही नंतर. मुलांच्या दवाखान्यात सेवा द्यायला केनियाला जायचं म्हणून मिरज-सांगलीकडच्या सिस्टर हल्ली विचारतात. एकेकीला फोनवर सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते.

आपलं महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन तिथं चालत नाही. जीएनएम असा, बीएस्सी असा, सिव्हिलला अर्धं आयुष्य काढलेलं असो. केनियाच्या नर्सिंग कौन्सिलचा तात्पुरता परवाना नसेल तर तिथं तुम्ही नर्स नाही, पाहुण्या. बोलावणारी संस्था म्हणेल, "काही लागत नाही हो, तुम्ही फक्त या." मलाही असंच सांगितलं होतं. तिथल्या इन्चार्ज बाईंनी पहिल्याच सकाळी कागद मागितला. मग मी वजनकाट्यापाशी बसून वहीत आकडे उतरवत राहिले. तापानं मलूल झालेलं पोर समोर, मनगटावरची शीर मला बसल्या जागेवरून दिसतेय, शिकाऊ मुलगी पुन्हा पुन्हा टोचतेय, आणि मी गप्प. त्या बाईंचं काही चुकलं नव्हतं. उद्या एखादी परदेशी बाई आपल्या वॉर्डात विनाकागद सुई घेऊन उभी राहिली तर आपण चालवून घेऊ का?

तर परवान्यासाठी काय लागतं ते नीट ऐका. इथल्या कौन्सिलकडून पडताळणीचं, म्हणजे गुड स्टँडिंगचं पत्र. ते मिळायला रजिस्ट्रेशन चालू हवं, म्हणजे रिन्यूअल बाकी असेल तर आधी ते. डिप्लोमा, मार्कशीट, अनुभवाचे दाखले. आणि नाव! डिप्लोम्यावर माहेरचं, पासपोर्टवर सासरचं, रजिस्ट्रेशनवर मधलंच काहीतरी. आपल्याकडच्या निम्म्या सिस्टरांचं हेच. लग्नाचा दाखला, राजपत्रातली नोंद, जे असेल ते सोबत जोडा, नाहीतर तिकडे वाटतं की या दोन वेगळ्या बाया आहेत. नोकरीत असाल तर एनओसी आणि रजा लेखी घ्या. मुलांमध्ये काम म्हणजे पोलिस क्लिअरन्स मागणारच, तो पासपोर्ट कार्यालयाकडून मिळतो. हे सगळं महिन्यांचं काम आहे, आठवड्यांचं नाही. परवान्याची प्रत डोळ्यांनी बघितल्याशिवाय तिकीट काढू नका. "अर्ज केलाय, येईल" म्हणजे परवाना नव्हे.

2024 पासून केनियाला व्हिसा लागत नाही, ऑनलाइन ईटीए (प्रवासाची आगाऊ परवानगी) मिळतं, म्हणून लोक हुरळतात. सेवेला, बिनपगारी असली तरी, वेगळा पास लागतो. तो संस्थेनं काढायचा. काढत नसेल तर संस्था बदला.

संस्थेवरून आठवलं, अनाथाश्रम शक्यतो टाळा. तिथल्या पुष्कळ मुलांचे आईवडील हयात असतात, गरिबीपायी ठेवलेली असतात. केनिया सरकारनं 2017 मध्ये नव्या बालगृहांची नोंदणीच थांबवली आणि आता मुलांना घरी पाठवण्याचं धोरण आहे. दवाखाना, लसीकरण, कुपोषण केंद्र असलं काम बघा.

लसी. बाकीच्या तुम्हाला मी काय सांगू. फक्त हिपॅटायटिस बीचे डोस झालेत म्हणून निर्धास्त राहू नका, टायटर, म्हणजे रक्तात पुरेसं संरक्षण तयार झालंय का ती तपासणी, करून घ्या. पीतज्वराची लस मात्र विसरायची नाही. इथून थेट जाताना केनिया ती मागत नाही, म्हणून वाटतं कशाला. मागतो आपला देश, परतताना. लसीचं पिवळं कार्ड नसेल तर मुंबईला उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस नेमून दिलेल्या सरकारमान्य केंद्रातच घ्यायची आणि प्रमाणपत्र दहा दिवसांनंतर लागू होतं. एकदा घेतली की जन्मभर पुरते. ते पिवळं कार्ड पासपोर्टच्याच पाकिटात ठेवा.

मलेरिया: नैरोबी उंचावर आहे, तिथं धोका कमी, किसुमूकडे, व्हिक्टोरिया सरोवराच्या बाजूला, भरपूर. मलेरिया टाळायला, पुरानंतर लेप्टोसाठी देतात तीच डॉक्सीसायक्लिनची गोळी, पण रोज एक, जायच्या एक-दोन दिवस आधीपासून परतल्यावर चार आठवड्यांपर्यंत. दुसरी गोळी हवी तर डॉक्टरांना विचारा. रुग्णाची सुई टोचली तर पीईपी, म्हणजे एचआयव्ही टाळायची औषधं, कुठं मिळेल हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवा. 72 तासांच्या आत सुरू व्हायला हवं आणि जितकं लवकर तितकं बरं.

कामाचं म्हणाल तर आपलं आयएमएनसीआयचं, म्हणजे लहान मुलांच्या आजारांच्या एकत्रित उपचारांचं, ट्रेनिंग उपयोगी पडतं. दंडाचा घेर मोजायची पट्टी तीच, साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली म्हणजे तीव्र कुपोषण. ओआरएस-झिंक तेच. पण तापाच्या प्रत्येक पोराची मलेरियाची तपासणी आधी, आणि सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार डोक्यात ठेवा, किसुमूकडे खूप आहे. वेळेचा घोळ वेगळाच. तिथल्या स्वाहिली भाषेत तास सकाळी सहापासून मोजतात, त्यामुळे आई "दोन वाजता औषध दिलं" म्हणाली तर ते आपले सकाळचे आठ असू शकतात. डोस लिहिताना सकाळ-संध्याकाळ विचारून घ्या. आणि हो, हा डोस लिहायलासुद्धा परवाना लागतो.

औषधांची पोती नेऊ नका. मेडिकलवाले आणि डॉक्टर प्रेमानं सॅम्पल देतात, त्यातली निम्मी चार महिन्यांत बाद होणारी. दान म्हणून न्यायच्या औषधाला पोचल्यावर किमान वर्षभराची मुदत हवी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तिथं काय हवंय ते विचारा, मगच न्या.

बॅग: कॅरीबॅग एकही नको. 2017 पासून तिथं बंदी आहे, दंड जबर. भडंग डब्यात भरा. नैरोबीत जून ते ऑगस्ट गारठा असतो, स्वेटर घ्या. चौकोनी तीन पिनांचा ॲडॉप्टर. मुलांचे फोटो स्टेटसला टाकायचे नाहीत.

निघायच्या आदल्या दिवशी कागदांच्या दोन प्रती, एक घरी. परवाना हातातल्या पर्समध्ये, चेक-इन बॅगेत नाही. परत आल्यावर पुढच्या काही महिन्यांत ताप आला तर डॉक्टरांना आधी "केनियाहून आलेय" सांगा. इथं सगळे डेंग्यू बघत बसतात. मलेरियाचा स्मिअर, म्हणजे रक्ततपासणी, त्याच दिवशी करून घ्या.