पायाच्या रक्तवाहिनीत ब्लॉकेज: उपचारांची तुलना करताना या चुका टाळा

रिपोर्टमध्ये ‘पायाच्या धमनीत ब्लॉक’ असं वाचलं की घरात पहिला प्रश्न निघतो, फुगा (धमनीत फुगा फुगवून वाट मोकळी करणारी अँजिओप्लास्टी) की बायपास (स्वतःची शीर किंवा कृत्रिम नळी जोडून रक्ताला दिलेला वळसा)? मग कुणाच्या काकांची अँजिओप्लास्टी छान झाली, कुणाच्या सासऱ्यांना बायपासनंतर त्रास झाला, असे दाखले सुरू होतात. त्या काकांचा ब्लॉक नेमका कुठे होता, त्यांना फक्त चालताना दुखायचं की बोट काळं पडलं होतं, हे मात्र कुणी विचारत नाही. उपचार मुख्यतः ठरतो तो या दोन गोष्टींवरच.

चालताना दुखणं आणि न भरणारी जखम यांना एकच समजू नका

थोडं चाललं की पोटरीत गोळा येतो, उभं राहिलं की काही मिनिटांत जातो, पुन्हा तेवढंच चाललं की पुन्हा येतो. हा आजाराचा पहिला टप्पा. (बसल्यावर किंवा पुढे वाकल्यावरच बरं वाटत असेल, तर दुखणं मणक्याचं असण्याची शक्यता जास्त.) या टप्प्यातल्या बहुतेकांवर पाय कापण्याची वेळ येत नाही. त्यांना मोठा धोका असतो तो हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा. म्हणून कोलेस्टेरॉल उतरवणारं स्टॅटिन, अ‍ॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल (रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या गोळ्या), बीपी आणि साखरेवर ताबा हाच मुख्य उपचार आहे. स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळी) बसला म्हणून या गोळ्या बंद करणं ही मोठी चूक.

दुसरी चूक म्हणजे दुखतं म्हणून चालणंच सोडून देणं. इथे चालणं हेच औषध आहे. आठवड्यातून तीन वेळा, ३० ते ४५ मिनिटं, निदान १२ आठवडे. बऱ्यापैकी दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, दुखणं गेलं की पुन्हा निघायचं. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘क्लेव्हर’ या अमेरिकन अभ्यासात ओटीपोटातल्या धमन्यांमध्ये ब्लॉक असलेल्या रुग्णांची तुलना केली होती. सहा महिन्यांनी ट्रेडमिलवर चालण्याचा वेळ देखरेखीखालच्या व्यायामाने सरासरी ५.८ मिनिटांनी वाढला, स्टेंटने ३.७ आणि नुसत्या औषधांनी १.२ मिनिटांनी. रोजच्या जगण्यातला आराम मात्र स्टेंटवाल्यांनी जास्त सांगितला, हेही खरं. तरी आधी तीन महिने मनापासून चालून बघा, मग फुग्याचा विचार करा. जोडीला सिलोस्टॅझॉल ही जास्त चालता यावं म्हणूनची गोळी देतात. ती रिकाम्या पोटी घ्यायची, गुण यायला दोन-तीन महिने लागू शकतात, आणि हार्ट फेल्युअर असलेल्यांनी ती घ्यायचीच नाही.

पण रात्री आडवं झालं की पावलात आग होते, पाय खाटेवरून खाली सोडून बसलं की बरं वाटतं, किंवा बोटावरची जखम दोन आठवडे उलटले तरी भरत नाही, असं असेल तर गणित बदलतं. इथे चालण्याचा प्रयोग करायचा नाही आणि थांबून बघायचंही नाही. पावलापर्यंत रक्त पोचवावं लागतं.

‘ऑपरेशन टळलं तर बरं’ हे नेहमी खरं नसतं

अशा धोक्यात असलेल्या पायांवर दोन मोठे अभ्यास झाले, आणि दोन्ही माहीत असल्याशिवाय तुलना पुरी होत नाही. २०२२ सालच्या ‘बेस्ट-सीएलआय’मध्ये मांडीची चांगली शीर उपलब्ध असलेल्या १,४३४ रुग्णांत बायपास सरस ठरला. पायावर मोठं संकट (पाय कापणं किंवा पुन्हा मोठी प्रक्रिया) किंवा मृत्यू बायपासनंतर ४२.६ टक्क्यांत, तर फुगा-स्टेंटनंतर ५७.४ टक्क्यांत. चांगली शीर नसलेल्यांत दोन्ही साधारण सारखेच. पुढच्याच वर्षी आलेल्या ‘बेसिल-२’मध्ये गुडघ्याखालच्या धमन्यांचे ३४५ रुग्ण होते. तिथे पाय जाणं किंवा मृत्यू बायपास गटात ६३ टक्के आणि फुग्याच्या गटात ५३ टक्के, म्हणजे उलटा निकाल. फरक पडला तो मुख्यतः मृत्यूंमुळे.

म्हणून सर्जनना विचारायचा प्रश्न असा: ‘माझी शीर बायपाससाठी चांगली आहे का, आणि माझं हृदय ऑपरेशन झेपवेल का?’ शिरेची सोनोग्राफी करून तिची रुंदी मोजता येते. गुडघ्याखाली कृत्रिम नळी स्वतःच्या शिरेइतकी टिकत नाही. हीच शीर व्हेरिकोज व्हेन्सच्या (पायातल्या फुगलेल्या शिरांच्या) लेझरमध्ये बंद केली जाते आणि हृदयाच्या बायपाससाठीही काढली जाते. पायाचा ब्लॉक माहीत असेल तर त्या दोन्ही प्रसंगी आधी सांगा.

ब्लॉकची जागाही बघायला हवी. ओटीपोटातल्या मोठ्या धमनीत स्टेंट वर्षानुवर्षं चांगला चालतो. जसजसं खाली जावं तसतशी पुन्हा बंद होण्याची शक्यता वाढते. गुडघ्यामागे तर प्रत्येक उठबशीला धमनी वाकते, म्हणून तिथे स्टेंट शक्यतो टाळतात.

बोट कापण्याआधी रक्तपुरवठा बघा

हे सगळ्यात कळकळीने सांगायचं आहे. मधुमेही माणसाचं बोट काळं पडतं, घाईने कापलं जातं, वरचा रक्तपुरवठा कुणी तपासलेला नसतो. मग कापलेली जागा भरत नाही, पाऊल जातं, शेवटी गुडघ्याखालून पाय. पसरता जंतुसंसर्ग जिवावर बेतला असेल तर लगेच कापावं लागतं, तिथे दुमत नाही. एरवी मोठ्या कापाकापीला संमती देण्याआधी व्हॅस्क्युलर (रक्तवाहिन्यांच्या) सर्जनचं मत घ्या आणि अँजिओग्राफीचा आग्रह धरा. १६ जानेवारी १९६४ रोजी अमेरिकेत पोर्टलंडला चार्ल्स डॉटर यांनी जगातली पहिली अशी अँजिओप्लास्टी केली, ती पाय कापायला नकार देणाऱ्या ८२ वर्षांच्या बाईंवरच. त्यांचा पाय वाचला.

मधुमेहात आणखी एक फसगत होते. घोटा आणि दंड यांच्या बीपीचं गुणोत्तर, म्हणजे एबीआय, ०.९० किंवा त्याहून कमी आलं तर ब्लॉक समजतात. पण मधुमेहाने धमन्या चुन्यासारख्या कडक झाल्या की हा आकडा खोटा चांगला येतो. १.४० च्या वर आला तर खूश होऊ नका, पायाच्या अंगठ्याचा रक्तदाब मोजायला सांगा. नसा बधिर असल्याने दुखतही नाही, त्यामुळे ‘दुखत नाही म्हणजे ठीक आहे’ हा हिशेब चालत नाही. गरम पाण्यात पाय बुडवून शेकणं तर नकोच, भाजलेलं कळत नाही. आणि व्हेरिकोज समजून घट्ट मोजे चढवले तर उरलासुरला रक्तपुरवठाही अडतो.

विडी, मशेरी आणि जाहिराती

तिशी-चाळिशीतल्या विडी ओढणाऱ्या माणसाची बोटं काळी पडत असतील तर तो बर्गर्स डिसीज असू शकतो. त्यात बारीक धमन्या बंद होतात, फुग्याला आणि बायपासला फारसा वाव नसतो. तंबाखू पूर्ण सोडणं हाच खरा उपचार, आणि पूर्ण म्हणजे मळलेली तंबाखू आणि मशेरीसुद्धा. इतर रुग्णांतही तंबाखू चालू राहिली तर स्टेंट आणि बायपास लवकर बंद पडतात.

‘ऑपरेशनशिवाय ब्लॉक विरघळवा’ म्हणत किलेशनच्या (शिरेतून औषध देऊन धमनीतला चुना काढण्याचा दावा करणाऱ्या) सलाइनची पॅकेजेस विकली जातात. पायाच्या ब्लॉकवर त्याचा उपयोग सिद्ध झालेला नाही. पैशापेक्षाही वाया गेलेले आठवडे महाग पडतात.

खर्चाचं म्हणाल तर, फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली ती हृदयाच्या स्टेंटवर. तेवढ्याच पैशांत पायाचं होईल असं धरून चालू नका. लेखी अंदाजपत्रक मागा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

एका प्रसंगी मात्र तुलना करत बसायचंच नाही. पाय अचानक गार पडला, पांढरा झाला, जीवघेणा दुखू लागला, मुंग्या येऊन बोटं हलेनाशी झाली, तर गुठळीने रक्त थांबलेलं असू शकतं. साधारण सहा तासांत रक्त सुरू झालं नाही तर स्नायू मरायला लागतात. चोळू नका, शेकू नका. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने निघा, आणि वाटेतूनच फोन करून रुग्णालयात व्हॅस्क्युलर सर्जन आहेत का ते विचारा.