अमेरिकेतल्या ग्रीक-अमेरिकन बारमध्ये जेवायला जाताना

नाशिकहून मुलांकडे अमेरिकेला गेलेल्यांना कधी ना कधी घराजवळच्या ग्रीक-अमेरिकन बारमध्ये जेवायला नेलं जातंच. आपल्याकडच्या परमिट रूमसारखी वेगळी 'फॅमिली रूम' तिथे नसते. बिअर पिणारे आणि पोराबाळांसकट जेवायला आलेले एकाच खोलीत बसतात. लहान मुलं किती वाजेपर्यंत चालतात, हे राज्याप्रमाणे बदलतं, म्हणून आधी फोन करा. किचन कधी बंद होतं तेही त्याच फोनवर विचारून घ्या. बार उघडा असतो, पण किचन बरेचदा तासभर आधीच आवरलेलं असतं.

दारू घेणार असाल तर मूळ पासपोर्ट जवळ ठेवा. केस पांढरे असले तरी विचारतात आणि आधार कार्ड तिथे कामाचं नाही. वयाची अट बिअरपासून व्हिस्कीपर्यंत 21च.

सगळ्यात जास्त लक्ष द्यायचं ते मांसाकडे. मेनूवरचा 'यीरो' (Gyro) म्हणजे उभ्या सळईवर फिरणाऱ्या गोळ्याचे पातळ काप, पिटा ब्रेडमध्ये कांदा-टोमॅटो घालून. ग्रीसमध्ये तो सहसा डुकराच्या मांसाचा असतो. अमेरिकेत मात्र 1970च्या दशकापासून कारखान्यात तयार होणारे गोळे आले, आणि त्यात बीफ आणि लॅम्बचा खिमा एकत्र दाबलेला असतो. वेटरने नुसतं 'लॅम्ब' म्हटलं तरी 'बीफ मिसळलंय का?' असं स्पष्ट विचारा. मुसाका (वांग्याचे थर लावून भाजलेला पदार्थ) आणि पास्तित्सिओ (पास्त्याचे थर लावून भाजलेला पदार्थ) यांतही खिमा असतो, तिथेही हाच प्रश्न. बीफ आणि पोर्क नको असेल तर चिकन सुव्लाकी, म्हणजे सळईवर भाजलेले चिकनचे तुकडे, मागवा, पण भाजायची जाळी बहुधा एकच असते.

शाकाहारी माणसाने वरवर बघून फसू नये. लिंबू घातलेले भाजके बटाटे बरेचदा चिकनच्या पाण्यात शिजवतात. आवगोलेमोनो सूपमध्ये चिकनचं पाणी आणि अंडं दोन्ही असतं. फ्राइज चिकन तळलेल्या तेलातच तळलेले असू शकतात. स्पानाकोपिता, म्हणजे पालक आणि फेटा चीज भरून भाजलेला पापुद्र्यांचा पदार्थ, यात मांस नसतं, पण अंडं बहुतेक असतं. ग्रीक सॅलड त्यातल्या त्यात निर्धास्त. फेटा मुळातच खारट, तेव्हा चव घेतल्याशिवाय वर मीठ घालू नका.

त्झात्झिकी, म्हणजे दाट दही, किसून पिळलेली काकडी आणि लसूण, छोट्या वाटीत येते. मिसळीचा रस्सा मागावा तशी पुन्हा मागितली की बिलात बहुधा वेगळी लागते. कॉफी मात्र पुन्हा पुन्हा फुकट भरतात.

पेयांची मापं मोठी असतात. एक पाइंट 473 मिली, आणि तिथला शॉट साधारण 44 मिली, म्हणजे आपल्या 30च्या पेगाच्या दीडपट. ऊझो ही बडीशेपेच्या वासाची कडक दारू, पाणी घातलं की दुधाळ होते. ती सावकाश घ्या.

बार काउंटरवर बसलात तर बारटेंडर कार्ड मागून 'टॅब' उघडतो, म्हणजे निघेपर्यंतचं सगळं एकाच चालू बिलावर लिहीत जातो. निघताना तो बंद करायला सांगा, नाहीतर कार्ड तिथेच राहतं. भारतीय कार्ड असेल तर आंतरराष्ट्रीय व्यवहार नाशिकमध्येच बँकेच्या ॲपमधून सुरू करून निघा. टिप बिलात सहसा धरलेली नसते. जेवणावर 18 ते 20 टक्के, नुसत्या ड्रिंकवर एक-दोन डॉलर. यात हात आखडू नका. फेडरल कायद्यात टिप मिळणाऱ्या कामगाराचं किमान वेतन 1991 पासून तासाला 2.13 डॉलरच आहे, आणि अनेक राज्यांत वेटरचं घर टिपवरच चालतं. पावतीवर टिपचा आकडा आणि खाली बेरीज स्वतः लिहून सही करायची असते. टिपसह पूर्ण रक्कम एक-दोन दिवसांनी खात्यातून जाते, म्हणून आपली प्रत तोवर सांभाळून ठेवा.